बाबांचं अडून बसलेलं विमान

बाबा,

मी कामाला निघाले. तुमचा डोळा लागला होता, म्हणून लिहून ठेवते.

कॉम्प्युटरवर विमान उडवायच्या सिम्युलेटरमध्ये टाकलेल्या तुमच्या त्या नव्या विमानाने कालपासून माझा जीव खाल्लाय. इंजिन सुरू होतं, पण समोरच्या सगळ्या स्क्रीन काळ्याठिक्कर. दोनदा काढून पुन्हा टाकलं. बनवणाऱ्यांना लिहिलं, तर म्हणे कॉम्प्युटर बंद करून चालू करा. जसं काही मला ते सुचलंच नव्हतं. शेवटी फोल्डरमध्ये याच विमानाची जुनी प्रत सापडली. दोन्ही एकमेकांच्या पायात पाय घालत होती. नवीन टाकण्याआधी जुनं काढा, हे मी तुम्हाला तीनदा सांगितलं होतं. आता मी काढलंय, स्क्रीन लागल्यात. कृपा करून त्या फोल्डरला हात लावू नका.

काल वैतागून मी त्याला खेळणं म्हणाले. तुम्ही ताटावरून उठलात. बावीस वर्षं हेच विमान तुम्ही खरंखुरं चालवलंत आणि डोळ्यांपायी डॉक्टरांनी ते सोडायला लावलं, हे ठाऊक असून माझी जीभ घसरली. चुकलंच माझं.

नीट चालतंय का बघायला मी ते उडवलं. वर छान गेलं, पण उतरवताना दोनदा आपटलं. तिसऱ्यांदा धावपट्टी समोर दिसताच घाबरून पॉज केलंय. ते अजून हवेतच आहे. उठलात की तेवढं खाली उतरवा, मला जमत नाही.

तुमची थोरली