बिनखुणेच्या वाट्या

प्रिय शालू,

जन्मभर तुला ‘अवं’ नाहीतर ‘प्राचीची आई’ म्हणूनच हाक मारली. आता कागदावर नाव लिहायची वेळ आली तर हात अडतोय. हसू नको! लिहिलं ना शेवटी?

पत्र लिहायचं कारण असं की तू फ्रीजरमध्ये ठेवून गेलेल्या वाट्या काल संपल्या. ही बातमी तुला कुणीतरी द्यायला हवी होती. पोरांनी ते काम माझ्यावर ढकललं आणि दोघं आत जाऊन झोपले.

तुला आठवतं, त्या वाट्यांचा पत्रा घरात कसा आला? चंद्रपूरच्या गोल बाजारात तू इडलीपात्र आणायला गेली होतीस आणि घेऊन आलीस बारा खळग्यांचा मफिनचा ट्रे! केक तर आपल्या घरात वाढदिवसाला बेकरीतूनच यायचा. मी म्हटलं, “हा काय इटा पाडाचा साचा आणला व?” तू पिशवी खाली ठेवत म्हणालीस, “तुमचं सारं ध्यान सिमेंटात अन् इटातच. जेवाच्या वेळी पाहा.”

आणि ओव्हन कुठे होता आपल्याकडे? ओव्हनचं भांडं आधी आणि ओव्हन मागून, हा तुझाच कारभार. पण तुझं काही अडलं नाही. माझी माय पळसाच्या पानांत पानगे भाजायची, तीच रीत तू धरलीस. प्रत्येक खळग्यात तेल लावून पळसाच्या पानाचा तुकडा बसवलास. सकाळचा भात, उरलेलं वरण, बेसन, कांदा, मूठभर पालक असं सगळं कालवून भरलंस. अंगणात खाली गोवऱ्यांचा विस्तव, वर झाकण आणि झाकणावर निखारे. अर्ध्या तासात बारा वाट्या तयार! खालच्या अंगाला पानाच्या शिरा उमटलेल्या होत्या. रोहितनं पहिल्याच दिवशी चार खाल्ल्या.

पुढे दिवाळीच्या बोनसमध्ये ओव्हन घेतला. ट्रे आत बसतो की नाही म्हणून दुकानात तू टेप लावून बसलीस, दुकानदार आपल्याकडे बघत राहिला. ओव्हन आला तरी पळसाचं पान तू सोडलं नाहीस. त्या वासाशिवाय मलाही ते जेवण जेवण वाटलं नसतं.

अंगणवाडीतून तू थकून यायचीस. माझी कधी पहिली पाळी, कधी दुसरी, रोहितची आयटीआय, प्राचीची शिकवणी. चौघांच्या चार वेळा आणि चौघांच्या चार तऱ्हा. तू एकच घाणा कालवायचीस आणि वाट्यांवर खुणा करायचीस. माझ्या तीन वाट्यांवर हिरवी मिरची, रोहितच्या तिनांवर अंड्याची चकती, प्राचीच्या तिनांवर मक्याचे दाणे. जो येईल त्यानं आपली खूण बघून उचलायची. पण गंमत बघ, पाळी नसली की उचलून कुणी खोलीत नेत नसे. सगळे ओट्याभोवतीच उभे राहून खायचे आणि एकमेकांच्या वाटीवर डोळा ठेवायचे.

एकदा तुझी मीटिंग लांबली आणि ओव्हन माझ्यावर सोपवलास. मी क्रिकेट बघत बसलो आणि बाराच्या बारा काळ्या केल्या. तू दारातूनच वास घेतलास. “चौदाशे डिग्रीची भट्टी सांभाळता अन् ह्या टीचभर डब्ब्यात कोळसे केले?” ही गोष्ट तू अख्ख्या गडचांदूरला सांगितलीस. कारखान्यात आमचा फोरमन अजून मला त्यावरून छेडतो. असं करतात का, शालू?

ऑपरेशन साधंच आहे म्हणाली होतीस. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी ट्रे काढलास, बारा वाट्या भाजल्यास, गार करून डब्यात रचल्यास आणि फ्रीजरमध्ये ठेवल्यास. “चार दिवसांत येतो मी. तवरिक हे गरम करून खाजा, बाहेरचं नोको.” पण मी तुझ्याजवळ राहिलो आणि पोरांना माझा भाऊ राजुऱ्याला घेऊन गेला. वाट्या तशाच राहिल्या. तू काही परत आली नाहीस.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या विधीला आलेले पाहुणे गेले त्या दिवशी प्राचीनं फ्रीजर उघडला आणि तिला तो डबा दिसला. तिनं दार लावलं आणि आम्हा दोघांना बजावलं, “याले कोणी हात लावाचा नाई.” कुणी लावला नाही. पण त्या दिवसापासून आपल्या घरातलं जेवणच मोडलं. ती मॅगी करून खोलीत न्यायची. रोहित बाहेरून खाऊन यायचा. मी खानावळीचा डबा घरातही तसाच, डब्यातूनच खायचो, भांडी कशाला वाढवा म्हणून. एका घरात तीन माणसं आणि तिघांची तीन कुलपं. मला भट्टीचा आवाज ऐकून कळतं काय बिघडलंय ते, पण या पोरीला ‘बाहेर ये, जेव आमच्यासंगं’ एवढं कसं म्हणावं ते कळत नव्हतं. तू असतीस तर कसं म्हटलं असतंस?

काल दुपारी वादळ आलं. उन्हाळा तुला माहीतच आहे आपला, त्यात आपल्या गल्लीतले विजेचे खांब पडले. लाइन गेली. उरलेल्या खांबावर चढलेल्या वायरमननं वरूनच सांगितलं, “उद्यापरेंत आशा ठेवू नका, भाऊ.”

प्राची फ्रीजच्या दाराला पाठ लावून बसली. कुणी उघडू नये म्हणून. रोहित मोटरसायकल घेऊन बर्फ आणायला गेला. लग्नसराईत बर्फ कुठला मिळतो? पार राजुऱ्यापर्यंत जाऊन रिकाम्या हातानं आला. तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, “नाई भेटला.” फ्रीजखालून पाण्याचा ओघळ निघाला होता. प्राचीचा फ्रॉक मागून भिजला होता, पण ती उठेना.

मी तिच्याजवळ जमिनीवर बसलो. म्हटलं, “बेटा, आईनं ते ठेवाले नाई, खावाले केलं होतं.”

ती रागानं म्हणाली, “अन् खाल्ल्यावर? मंग काय राहीन आपल्यापाशी?”

मी फडकं घेऊन तिच्याभोवतीचं पाणी टिपायला लागलो, शालू. रोहितनं फडकं पिळायला बादली आणली. मग तिनंच उठून दार उघडलं, डबा काढला, एक वाटी बोटानं दाबून पाहिली. मधोमध अजून गार, घट्ट होती. डबा माझ्या हातात देऊन ती म्हणाली, “बाबा, गरम करून द्या. पण जाळजा नोको.”

ओव्हन बंद, आणि इडलीपात्र तू आणलंच नव्हतंस! मी पातेल्यात पाणी ठेवलं, वर चाळणी, चाळणीत वाट्या, त्यावर झाकण. गॅससमोरून हललो नाही. इतका तर मी भट्टीसमोरही कधी उभा राहिलो नसेन. वाफ आली आणि पळसाच्या पानाचा तो वास घरभर सुटला. रोहित ओट्याला धरून उभा राहिला आणि हुंदके देऊन रडायला लागला. दवाखान्यात रडला नव्हता तो.

चार्जिंगच्या बत्तीच्या उजेडात ओट्याभोवती उभे राहून जेवलो. खुणा बघून आपापल्या वाट्या उचलल्या. रोहितनं माझी मिरची पळवली. प्राची त्याच्यावर ओरडली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

मागे तीन वाट्या उरल्या. त्यांच्यावर काहीच नव्हतं. तुझ्या. दवाखान्यातून आल्यावर खायला तू स्वतःलाही धरलं होतंस.

कुणाचा हात पुढे होईना. शेवटी प्राचीनं एक फोडली. आत थोडी मिरची, अंड्याचा मोडका तुकडा, चार मक्याचे दाणे. तिनं दुसरी फोडली, तिच्यातही तेच. आमच्या वाट्या भरून झाल्यावर ताटलीत जे उरायचं, ते तू तुझ्यात घालायचीस. इतकी वर्षं!

“बाबा,” पोरीनं विचारलं, “आईले सोताले काय आवडे?”

रोहित म्हणाला, मिरची. प्राची म्हणाली, मका. दोघं माझ्याकडे बघायला लागले.

मला आठवलं, शालू. आठवलं! आलापल्लीला तुझ्या माहेरी पावसाळ्यात वास्ते निघायचे, बांबूचे कोवळे कोंब. त्याची भाजी तू भाकरीशिवायच वाटी वाटी खायचीस. लग्नानंतर इथे एकदा केलीस, पोरं थोडी मोठी झाल्यावर पुन्हा एकदा. वास उग्र म्हणून पोरांनी नाकं धरली आणि मी मोठ्यानं खिडकी उघडली. तू हसलीस. मग कधी केली नाहीस. भांडली का नाहीस ग तेव्हा? बाकी सगळ्यावर तर भांडायचीस!

पोरांना हे सांगितलं. तुझ्या तीन वाट्या तिघांनी एकेक खाल्ल्या, शेवटच्या कणापर्यंत. मग प्राचीनं माळ्यावरून ट्रे काढला. धुतला, पुसला आणि ओट्यावर उभा करून ठेवला. सकाळी लाइन आली तेव्हा ती मला विचारत होती, “वास्ते बजारात कधी येतेत?”

पाऊस पडला की येतील. मी स्वतः जाऊन आणीन, तासून, उकडून घेईन आणि खिडकी बंद ठेवीन. शब्द देतो तुला, यापुढे ट्रे भरताना पहिल्या तीन वाट्या तुझ्या. वास्त्यांनी काठोकाठ भरलेल्या. उरेल त्यात आमचं भागवू. आणि त्या वाट्या तिघं मिळून खाऊ, ओट्याशी उभे राहून, नाक न धरता.

तुझाच,
प्राचीचे बाबा