शेपटीच्या पंख्याची वाटणी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे बहात्तर, धंदा घड्याळदुरुस्ती, हे मृत्युपत्र राजीखुशीने, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. पत्नी शेजारीच बसली आहे, पण ते दडपण बेचाळीस वर्षांचे असल्याने धरलेले नाही.

१. राहते घर व बँकेतील ठेवी पत्नीला. जेवणाचे टेबलही तिला परत. त्यावर मी बारा वर्षे सैन्याच्या एका जुन्या, अगदी सुरुवातीच्या हेलिकॉप्टरची प्रतिकृती बांधत होतो आणि घरचे मांडीवर ताट घेऊन जेवत होते.

२. दुकान, भिंगे व चिमटे मुलीला. जावयांनी चिमट्यांना हात लावू नये. चिमट्याने नाकातले केस उपटताना मी त्यांना पाहिले आहे.

३. सदर हेलिकॉप्टर, लांबी दोन फूट, माझ्या मेहुण्यांना. ते सैन्यात हेलिकॉप्टरचे मेकॅनिक होते. अकरा वर्षांपूर्वी घरात पाऊल टाकताच, पाणीही न पिता ते म्हणाले, "भाऊजी, शेपटीचा पंखा उलट्या बाजूला लावलाय."

मी म्हणालो, "फोटो बघून लावलाय. तुमच्या जिभेला काही हाड?"

तेव्हापासून आमचे बोलणे बंद.

४. आता खरे सांगतो. पाच वर्षांपूर्वी तो फोटो भिंगाखाली धरला. हेलिकॉप्टरपुढे उभ्या चारही सैनिकांची घड्याळे उजव्या मनगटावर! म्हणजे फोटोच उलटा छापलेला. मी घड्याळे दुरुस्त करणारा, आणि सात वर्षे नुसते पंखेच बघत बसलो. दिव्याखाली अंधार. त्याच दिवशी पंखा काढून काड्यापेटीत ठेवला, घरी सांगितले की तुटला. मेहुण्यांची फार आठवण येते, पण कबूल करायला तोंड उघडले नाही. सबब माझ्या पश्चात त्यांनी स्वहस्ते पंखा योग्य बाजूला बसवावा.

दुरुस्ती: साक्षीदार म्हणून पत्नीने मला न विचारता मेहुण्यांनाच बोलावले. वकील म्हणाले, ज्याला वस्तू मिळणार त्याने साक्ष करू नये. मेहुण्यांनी कलम चार दोनदा वाचले आणि पेन खाली ठेवले.

"सही राहू द्या. तुम्ही मरायची वाट कोण बघणार? आणा ती काड्यापेटी."

कलम चारमधील शेवटचे वाक्य रद्द.

साक्षीदार: १. शेजारचे दातांचे डॉक्टर (सही)
२. कोपऱ्यावरचे शिंपी (सही)

ठिकाण: जेवणाचे टेबल
दिनांक: चौदा मार्च, दुपारी साडेचार, भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे

सही: डाव्या हाताने केल्यामुळे वाकडी आली आहे. उजव्या हाताने पंखा धरला आहे. मेहुणे म्हणतात, डिंक वाळेपर्यंत कोणी हलायचे नाही.