सूचीत नसलेला कागद

११ सप्टेंबर

किशनला तीन वर्षं. निकाल वाचून झाल्यावर माझ्याकडे बघून म्हणाला, "हो गया मैडम? घर जाएँ अब?" त्याला वाटलं, केस संपली म्हणजे सुटलो. शिपायाने दंड धरला तेव्हा कळलं. बायको रामबाई दाराशी उभी होती, तिला मीच सांगितलं. कुणीतरी सांगायला हवं होतं आणि सगळे जेवायला निघाले होते.

यादवबाबा हात जोडत होते. ओमती भागातलं दुकान राखताना डोक्यात सळई बसली, डावा डोळा गेला. त्यांच्या दृष्टीने मी, सरकारी वकिलाने, न्याय मिळवून दिला.

घरी वि. म्हणाले, "जिंकली ना केस? मग काहून अशी बसून राहिली?" तनू आतून ओरडली, "मम्मी, पार्टी दो!" पोळ्या लाटल्या. दोन करपल्या.

१२ सप्टेंबर

लिहून टाकते. दुसरीकडे कुठे लिहिता येणार नाही.

गेल्या वर्षी मार्चमध्ये चालान, म्हणजे पोलिसांचं आरोपपत्र, कोर्टात जाण्याआधी तपासायला माझ्याकडे आलं. सोबत पोलीस ठाण्याची केस डायरी, तपासाची रोजची नोंद. तिच्यात एक सुटा कागद होता. घटनेच्या दुसऱ्या दिवशी हवालदाराने इस्पितळात घेतलेला यादवबाबांचा जबाब. चार ओळी. हल्लेखोराच्या तोंडाला गमछा होता, चेहरा दिसला नाही, माणूस खूप उंच होता.

किशन माझ्या खांद्याला लागतो.

नऊ दिवसांनी घेतलेला दुसरा जबाब चालानात होता. त्यात चेहरा दिसला, माणूस बुटका. मग ओळखपरेड, किशनवर बोट. आणि गोहलपुरातल्या त्याच्या ग्रिलच्या दुकानातून सळई जप्त. ग्रिलवाल्याकडे सळई सापडणार नाही तर काय सापडणार.

मी कागद वाचला आणि परत डायरीत ठेवला. आरोपीला द्यायच्या नकला सूचीशी ताडून पाहिल्या. एकतीस पानं, सगळी बरोबर. कार्बनची एक नक्कल पुसट आली होती, ती मी परत लिहून मागवली. इतकी काटेकोर. पहिला जबाब सूचीत नव्हता म्हणून दिला नाही. किशनने ऑर्डरशीटवर अंगठा लावला, नकला मिळाल्या म्हणून.

तेव्हा मनाशी म्हटलं होतं, बचावाचा वकील उलटतपासणीत काढेल. पण जो कागद आहे हेच त्याला माहीत नाही, तो तो काढणार कसा? हे मार्चमध्ये सुचलं नव्हतं का?

सुचलं होतं.

१७ सप्टेंबर

तपास अधिकारी तिवारी दुसऱ्या केसच्या साक्षीला आले होते. व्हरांड्यातल्या चहाच्या बाकावर गाठलं. हसले. "अरे मैडम, बूढ़े के सिर में बाईस टाँके थे। बेहोशी का बयान भी कोई बयान होता है? होश आया तो पहचान लिया।"

तसंही असेल. खरंच असेल. पण मग तो कागद द्यायला काय हरकत होती? कोर्टाने ठरवलं असतं, होश होता की नव्हता. ते तिवारींनी ठरवलं. त्यांच्या मागून मी.

जाता जाता म्हणाले, "आपकी लड़की बारहवीं में है न? कोई काम हो तो बताइएगा।" काही वाईट नव्हतं त्यात. तरी मी चहा तसाच ठेवून उठले.

२३ सप्टेंबर

बड्या साहेबांना सांगितलं. फाईलवरून मान वर न करता म्हणाले, "रामटेके, तनख्वाह किधर से लेती हो? इधर से कि उधर से?" मी म्हटलं, सर, दोन्ही बाजूंचं कोर्टापुढे ठेवणं आपलंच काम आहे. "किताब में। डायरी पुलिस की है, मुलज़िम को उसका हक़ नहीं। बस।"

नियम तसा आहेच. डायरीवर आरोपीचा हक्क नाही. पण साक्षीदाराचा जबाब डायरीत घालून ठेवला की तो डायरी होतो का?

वि.ना सांगितलं. त्यांनी तनूच्या खोलीचं दार लोटलं. मग, "बदली करून टाकतीन ते तुझी. मंडला नाहीतर डिंडोरी. तनूची बारावी हाय." पाणी पिऊन आले आणि म्हणाले, "पण तो माणूस आत हाय, हेही हाय." 

२९ सप्टेंबर

यादवबाबांकडे गेले. जायला नको होतं. निकालानंतर सरकारी वकिलाने साक्षीदाराकडे कशाला जायचं? कबुलीच हवी होती मला त्यांच्या तोंडून. म्हणजे माझं काम सोपं झालं असतं.

म्हटलं, बाबा, इस्पितळात पहिल्यांदा काय सांगितलं होतं, आठवतं? त्यांना असा काही जबाब दिल्याचंच आठवत नाही. "बेटी, रोज सपने में वही चेहरा आता है। किशन का।" मग माझा हात धरून, "अब उसको छुड़वा मत देना।"

खोटं बोलत नाहीत. त्यांना खरंच दिसतो. पण तो चेहरा त्या दिवशी दिसला, की परेडमध्ये पाहिला तो मागे जाऊन बसला? आता त्यांनाही कधी कळणार नाही. मला तर नाहीच.

किशनने केलंच असेल तर? हेही लिहून ठेवते. शक्य आहे.

४ ऑक्टोबर

दुबे, किशनचा वकील. विधी साहाय्यातून मिळालेला, तिशीही नसेल. विचारलं, अपील केलं का? "रामबाई वकालतनामा जेल से अंगूठा लगवाकर लाएगी तब न, दीदी।" मुदत अकरा तारखेला संपते म्हटलं, उद्याच आण. आणि अपिलात कोर्टाला केस डायरी मागवायला सांग.

"क्यों, क्या है उसमें?"

मागव, एवढंच म्हणाले. तो हसला, "फँसा तो नहीं रहीं हमें?"

अर्धंच सांगितलं. सांगितल्याचं समाधान मिळावं आणि माझं नाव कुठे येऊ नये, इतपत. मीही पहिला जबाब वगळून दुसराच पुढे ठेवला म्हणायचं.

९ ऑक्टोबर

अपील दाखल. दोन दिवस राखून.

१४ ऑक्टोबर

धम्मदीक्षेचा दिवस. विहारात आम्ही तिघं. पंचशील म्हणताना चौथ्या, खोटं न बोलण्याच्या शीलापाशी मी थांबले. खोटं तर मी बोललेच नाही. या सबंध केसमध्ये एक शब्दही खोटा बोललेले नाही.

तनूने विचारलं, "गला खराब है क्या?"

२५ नोव्हेंबर

सत्र न्यायालय. माझं तिथे काम नव्हतं. मागच्या बाकावर बसले.

न्यायाधीशांनी डायरी उघडली. पावणेदोन वर्षांत कुणी कागद काढून टाकला असेल अशी भीती होती. (की आशा?) होता. चार ओळी त्यांनी मोठ्याने वाचल्या. मग विचारलं, हा मुलज़िमला का दिला नाही? तिथले सरकारी वकील म्हणाले, "नज़र से चूक गया होगा, हुज़ूर।"

माझ्या नजरेतून नव्हता चुकला. उठून दहा पावलं जायचं होतं. उठले नाही. गुडघे होते, पाय होते, सगळं होतं.

दुबेला नक्कल मिळाली. युक्तिवाद पुढच्या तारखेला, जामिनाचंही तेव्हाच. तोपर्यंत किशन आत.

बाहेर रामबाईने गाठलं. प्लॅस्टिकच्या पिशवीतून तिने नकलांचा गठ्ठा काढला, पायरीवर बसून पसरला. वाचता येत नाही तिला. "मैडम, आज जो कागज पढ़ा गया, वो इनमें कौन सा है?"

यात नाही, म्हटलं.

तिने पुन्हा चाळले. पाठीमागूनही पाहिले. मग एकदम रडवेली झाली. "हमसे ही कहीं गिर गया होगा। बीच में कमरा बदला था न हमने। हमसे ही गिर गया। इसी के मारे वो अंदर है।"

मी तिच्याजवळ पायरीवर बसले. नहीं रामबाई, तुमसे नहीं गिरा. तुम लोगों को दिया ही नहीं गया था.

"किसने नहीं दिया?"

सांगितलं.

ती कागद गोळा करायला लागली, एकेक, कोपरे जुळवून. मी एक उचलून पुढे केला, तो तिने माझ्या हातून घेतला नाही. मी खाली ठेवल्यावर उचलला.

पुढची तारीख ९ डिसेंबर.