जवायाच्या बोटात न गेलेली अंगठी

धाड, अधिक श्रावण

तीर्थरूप उकंडदादा अन् वहिनी यायले धाकट्या शालूचा वाकून नमस्कार. इकडे सगळे उभे आहेत. धड कोण आहे ते खाली वाचून तुम्हीच ठरवा. वहिनीच्या गुडघ्याचं कसं काय? लसणाचं तेल सोडू नका म्हणा.

दादा, तुम्ही धोंड्याच्या वाणात पाठवलेली अंगठी ह्यांच्या (तुमच्या जवायाच्या हो, नाव मी घेणार नाही) करंगळीतही गेली नाही. लग्नातल्याच मापानं केली असणार, तुमचं काही चुकलं नाही. पण हे असे फुगून बसले! म्हणे, साळ्यानं सोन्यात हात आखडला. त्याच्या आधी टोप्या विकणाऱ्या बद्रुद्दीनशी जुंपली होती. धुतली की आटते, असला माल काऊन विकतो बे? बिचाऱ्यानं बदलून दिली, तर तीही काही दिवसांत डोक्यावर नुसती टेकायला लागली. मग जोडेवाला झाला, मग शिंपी झाला. गावात भांडायले कोणी उरलं नाही तवा माझ्यावर आले, तू भाकरी लहान करते म्हणून. (भाकरी तेवढीच हो, पंजाच ताटाएवढा झाला!) बाया म्हणत, शालूबाई, तुमच्या मालकाले संसार चांगला मानवला. मी बावळट खुशीत.

मागं एका बाजाराले हे दमणी हाकत होते. डाव्या अंगानं गुलाम रसूलची गाडी आली. मी ओरडली, पण ह्यायले ती दिसलीच नाही! चाकाले चाक घासलं. हे उलट त्यालेच शिव्या देऊन राह्यले, की अंधारातून आल्यासारखा काऊन येतो. दादा, भर दुपार होती. घरी आल्यावर मी मुद्दाम बाजूनं पाण्याचा तांब्या धरला. हे समोरच पाहत राह्यले.

दातात फटी पडून राह्यल्या होत्या, त्या निमित्तानं ह्यायले नागपूरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं दात सोडून डोक्याचीच तसबीर काढली. म्हणाला, मेंदूच्या खाली, नाकाच्या मागं वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिचा रस रक्तात उतरतो म्हणून लेकरं वाढतात, अन् किती रस सोडायचा त्याचा लगाम वर मेंदूच्या हाती. जवानी आली की हाडांची टोकं जुळतात, मग उंची थांबते. ह्यांच्या त्या ग्रंथीत गाठ झाली, ती आता कोणालेच जुमानत नाही, रस सोडतच राह्यली. उंचीची वाट बंद, म्हणून हात, पाय, जबडा, जीभ रुंदावतात. लघवीत साखर निघाली, तीही त्याच्यापायीच. हे म्हणाले, वाढ म्हणजे बरकत, तिले रोग कसा म्हणता? डॉक्टर हसला नाही. म्हणाला, गाठ डोळ्यांच्या शिरा दाबून राह्यली, मुंबईले नेऊन किरणांचा शेक द्या. उशीर केला तर समोरचंही जाईल, अन् गेलेली नजर परत येईल याचा भरोसा नाही.

आता हे ओसरीत बसून आहेत. सासुरवाडीनं मान केल्याबिगर मुंबईले जात नाही म्हणतात. असा हट्टी माणूस माझ्याच वाट्याले यावा! तुम्ही या अन् समजावा, माझं इथं कोण ऐकते?

लेकरायच्या गालाले हात लावा.
तुमची शालू

ता. क. येताना वहिनीच्या हातचं लिंबाचं लोणचं आणा. ह्यायले आवडते.

आणखी ता. क. दादा, वरचं खोटं लेहिलं. ह्यांचा रुसवा नागपूरलेच गेला. हे तयार आहेत, ट्रंकही भरली. निंदण होऊ द्या, पोळा होऊ द्या, असं करत मीच अडवून राह्यली. डोक्यात किरण सोडतील अन् काही इपरीत झालं तर? मले लय भेव वाटते. काल जेवताना बाजूले बसली तर म्हणाले, "अवो, तिथं नोको बसू, समोर बस. मले तुले पाहू दे." लवकर या दादा, अन् मले रागवा.