गालातली सुपारी

४ नोव्हेंबर

शटर उघडायच्या आधी गिरणीतल्या काट्यावर उभी राहिले. ७१. आखाडात ८४ होतं. पोती तोलायचा काटा आहे, मुलाहिजा ठेवत नाही. सांगावं असं कोणी नव्हतं. ते असते तर म्हणाले असते, "पोतं कुठंतरी गळून राह्यलं वाटते."

दहाला शेजारची कमल दळण घेऊन आली. "काय झालं वो सुमनबाई? तोंड काऊन इतकं उतरलं? दवाखान्यात दाखवलं काय?" सांगितलं, डॉक्टरनंच वजन कमी करायला लावलंय. "हाव काय," म्हणाली. चक्की सुरू झाल्यावर बाजूच्या बाईकडे वळली. लोकांना वाटतं त्या आवाजात मला ऐकू येत नाही. येतच नाही. पण इतकी वर्षं चक्कीपाशी उभं राहून मी ओठ वाचते. कमलचे ओठ म्हणाले, "काहीतरी लागलं हिले."

ते गेले त्या वर्षी मी रडायचे आणि खायचे. तेव्हा ह्याच ओठांनी म्हटलं होतं, "नवरा गेला अन् हिचं अंग भरून राह्यलं."

मग दिसावं तरी कसं? एकदा ठरवून सांगा मला.

९ नोव्हेंबर

बुलढाण्याला गेले. साखर बरीच खाली आली. वाटलं डॉक्टर मॅडम खूश होतील, तर चिडल्या. "रात्रीचं जेवण बंद करायला कोणी सांगितलं?" कोणी नाही. मीच. लिंबूपाणी पिऊन झोपत होते. दंडाची लोंबती कातडी त्यांनी चिमटीत धरून दाखवली. घाईनं वजन उतरवलं, म्हणून चेहरा बसला, केस गळताहेत. आता सावकाश घ्या. दोन्ही वेळा जेवा. डाळ, दही, अंडी. मी म्हटलं, पोती उचलते की रोज. "उचलत नाही, ओढता. भरलेली कळशी हळू उचला, हळू ठेवा. दंडात, मांडीत ताकद आली तर कातडीला आधार मिळतो." पीठ अंगावर सुकू द्यायचं नाही. अंघोळ झाली की ओलसर अंगालाच तेल. महागाच्या डब्या आणायच्या नाहीत.

"आणि सुमनताई, अठ्ठेचाळिशीतली कातडी विशीतल्यासारखी जागेवर जात नाही. थोडी लोंबती राहील. राहू द्या."

स्पष्ट बोलल्या, बरं वाटलं.

निघताना मान पाहिली. काळेपणा निवळतोय म्हणाल्या. त्यांची मान अशीच होती. काळी, जाडसर, घड्या पडलेली. मी दर रविवारी बेसन-लिंबू लावून घासायचे. "केवढा मळ हो तुमच्या मानेवर." ते हसून मान पुढं करायचे. तो मळ नव्हता. मॅडमनी ह्याच खोलीत आम्हा दोघांना सांगितलं होतं, मान अशी काळी पडणं साखरेची खूण असू शकते, तपासण्या करा, वजन उतरवा. ते म्हणाले, पोळ्यानंतर पाहू. पोळा झाला. डिसेंबरात चक्कीचा पट्टा चढवता चढवता खाली बसले, ते बसलेच.

येत्या डिसेंबरात दोन वर्षं होतील. राग जात नाही. आणि काढायचा कोणावर?

१४ नोव्हेंबर

जाऊबाई आल्या. त्यांचे भाऊ देवराव यांनी मोताळ्याचं स्थळ आणलंय माझ्या शीतलसाठी. मुलगा निलेश, कृषी केंद्र आहे त्यांचं. फोटो, पत्रिका सगळं झालं. दोघं फोनवर बोलतातही. शीतल, म्हणजे इथली माझी शी., चिखलीच्या शाळेत शिकवते, आजवर आलेल्या प्रत्येक स्थळात खोट काढली. ह्याच्याबद्दल म्हणाली, "आई, हा मधेच तोडत नाही. ऐकून घेतो." एवढंच म्हणाली, पण मानेपर्यंत लाल झाली.

पाहुणे २३ला येणार.

जाऊबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बाप हार्टनं गेला अन् माय अशी वाळलेली. लोकं काय म्हंतीन? पोरीत बी असंन काही. लग्न जमेपर्यंत खाय. मंग कर तुह्या मनाचं."

म्हटलं, नऊ दिवसांत गाल भरत नसतात.

"डिंकाचे लाडू पाठवते."

पाठवलेही. साखरेच्या बाईला लाडू. कमलला देऊन टाकले.

१७ नोव्हेंबर

रोज दोन अंडी. गिरणीच्या मागं उकडते, घरात नाही. जाऊबाई माळकरी, भिंतीपलीकडेच राहतात, त्यांना वास लागतो. चोरून खाते. ह्या वयात.

सातवीनंतर शाळा सुटली माझी. पण वाचनालयातून पुस्तक आणून वाचायची सवय ह्यांनीच लावली, गिरणी चालू असताना करणार काय. सध्या शरीराच्या रचनेवरचं जुनं पुस्तक आणलंय. कातडीवरचा धडा दोनदा वाचला. अर्धा समजला. कातडी हे आवरण नाही, अवयव आहे म्हणे, काळजासारखा. मला आजवर वाटायचं गाठोड्याचं फडकं आहे.

कळशी उचलते-ठेवते. दंड दुखतात. बरं वाटतं.

२२ नोव्हेंबर

संध्याकाळी जाऊबाई पदरात काहीतरी घेऊन आल्या. दोन अख्ख्या सुपाऱ्या. "उद्या एकेक गालात ठेव. माह्या पाहण्याच्या वक्ती आत्यानं असंच केलं होतं, दाढा पडल्या होत्या तिच्या. कोणाले समजलं नाई."

हसले. त्या हसल्या नाहीत.

गेल्यावर आरशासमोर ठेवून पाहिल्या. मेल्या सुपाऱ्या! गाल भरले. मागच्या वर्षीची मी. पाहत राहिले. शी.ला सांगितलं नाही.

२३ नोव्हेंबर

राग अजून उतरलेला नाही.

मुलाचे आईवडील, मुलगा, मावशी. वडील चांगले भारदस्त. ओट्याच्या दोन पायऱ्या चढले आणि खांबाला धरून उभे राहिले. थंडीत घाम. देवराव म्हणाले, "मालकाले मानवलं हो!" सगळे हसले. पोह्यांची दुसरी बशी त्यांच्याच पुढं सरकवली. रुमालानं मान पुसायला त्यांनी कॉलर खाली केली आणि मला दिसलं. तीच मान. काळी, जाडसर, घड्यांची. पुसत होते, जणू धूळ आहे.

मावशीनं विचारलं, गिरणी तुम्हीच चालवता काय? मी "हो" म्हटलं, ते गरम घास तोंडात असल्यासारखं निघालं. नंतर विचारलं, मालकांना काय झालं होतं. ह्याचं उत्तर सुपारीमागून देता येईना. लाळ सुटली. जाऊबाई पटकन म्हणाल्या, "तिले बोलायची सवयच नाई." मला! पोहे घेतले, खाता येईनात, बशी खाली ठेवली.

मावशी मुलाच्या आईकडे झुकली. आवाज आला नाही. ओठ मात्र पेपरच्या मथळ्यासारखे स्वच्छ. "हिच्या तोंडात गाठ हाये."

मागं गेले, नालीत थुंकले. परत आले तर गाल आत गेलेले. पदर तोंडावर धरून बसले. मावशी त्या पदराकडे बघत राहिली.

शी. छान दिसत होती. निलेश खरंच कमी बोलतो. जाताना त्यानं एकट्यानं खाली वाकून नमस्कार केला.

२६ नोव्हेंबर

देवरावचा निरोप जाऊबाईंमार्फत. पोरगी पसंत. पण मायला काय झालंय ते कळल्याशिवाय पुढं नको. तंबाखू-सुपारीचा खर्रा खातात काय, विचारलं. तोंडाच्या तपासणीचा आणि रक्ताचा रिपोर्ट पाठवा.

मी म्हटलं, सांगा ना त्यांना सुपारी होती.

"अन् काय सांगू, मी देल्ती म्हणून? येडे म्हंतीन आपल्याले."

म्हणजे आजारी म्हटलेलं चालेल.

दुपारी गिरणीत चार बाया. चक्की चालू. कमलचे ओठ, "क्यान्सर." मी बटण दाबलं. पट्टा थांबेपर्यंत कमल बोलतच होती, शेवटचं वाक्य सगळ्यांना ऐकू गेलं. म्हटलं, "गाठ नाही कमल. सुपारी होती. गाल भरलेले दिसावे म्हणून ठेवली होती." एकही हसली नाही. एकीनं हातावर हात ठेवला, "धीर धरा बाई."

दळण अर्धवट राहिलं होतं. चक्की परत सुरू केली. काय करणार.

२८ नोव्हेंबर

शी.ला शाळेतून कळलं. शाळेतून! आली ती थेट माझ्यासमोर उभी राहिली. "आई, खरं सांग." सुपारीचं सांगितलं. इतकी हसली की खाली बसली. मग रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "पाठवून दे ना रिपोर्ट. तुझं काय जाते?"

काय जातं. नीट सांगता आलं नाही तिला, इथं लिहिते.

त्यांचं पोट सुटलं तेव्हा सगळे म्हणायचे, मानवलं. खात्यापित्या घरचा माणूस. पायरी चढताना दम लागायचा तरी कोणी रिपोर्ट मागितला नाही. मीसुद्धा नाही. मी मान घासत बसले. आणि मी जगायचं ठरवलं, ह्या पोरीमागं आईबाप दोघंही नाहीत असं होऊ नये म्हणून सकाळ-संध्याकाळ चालले, भूक मारली, चुकले, सुधारले, तर माझं तोंड उघडून बघायचंय.

शी. जेवली नाही. तिला तो मुलगा हवाय. मलाही हवाय तिच्यासाठी. हीच तर अडचण.

३ डिसेंबर

मुलाच्या आईला स्वतःच फोन केला. जाऊबाई नाही, देवराव नाही.

"ताई, मी अमडापूरची सुमन. शीतलची आई. त्या दिवशी माझ्या तोंडात सुपारी होती. दोन्ही गालांत."

"सुपारी? काऊन?"

"वजन उतरवलंय मी. गाल बसलेत. तुम्हाला आजारी वाटू नये म्हणून."

हसल्या की काय कळेना, फोनवर ओठ दिसत नाहीत.

म्हटलं, रिपोर्ट पाठवते, माझ्याकडे लपवायला काही नाही. इथंच थांबायला हवं होतं. थांबले नाही. "पण ताई, निलेशच्या वडिलांची मान पाहिली मी. तो काळेपणा धुळीचा नाही. आमच्या घरीही अशीच होती, मी मळ समजून घासत राहिले. दोन पायऱ्यांत त्यांना घाम फुटला. त्यांना दाखवा कोणाला तरी. माझा रिपोर्ट मागता तसा त्यांचाही काढा."

"शुभ बोलायच्या वक्ताले काय बोलता हो तुम्ही," म्हणाल्या. फोन ठेवला.

शी. दारात उभी होती. सगळं ऐकलं. "झालं? झालं मनासारखं?" आत गेली.

रिपोर्टचे फोटो त्याच फोनवर पाठवून दिले. साखरेचा, बाकीचे, सगळे. तोंड दातांच्या डॉक्टरला दाखवलं होतं परवा, त्याची चिठ्ठीही. बोलले ते खरं होतं. पण रागात बोलले. रागात नसते तर बोलले असते का, माहीत नाही.

७ डिसेंबर

मोताळ्याहून काही नाही. देवरावनं जाऊबाईंना सांगितलं, तुमच्या जावेनं मुलाच्या बापाला पार मरायला टाकलं. जाऊबाई बोलत नाहीत. शी. कामापुरतं बोलते. डबा, चावी, दूध. निलेशचा फोन येतो की नाही, विचारायची हिंमत नाही.

काटा ७०. एका महिन्यात एकच किलो. मॅडम म्हणाल्या होत्या तसंच. केस कमी गळतात. दंडाची कातडी तशीच आहे, हात वर केला की झुलते. झुलू दे.

११ डिसेंबर

त्यांचं दुसरं वर्षश्राद्ध. जाऊबाई आल्या, पानं वाढली, बोलल्या नाहीत. फोटो पुसताना लक्षात आलं, फोटोतही कॉलरच्या वर काळी रेघ दिसते. इतके दिवस फ्रेमची सावली वाटायची.

त्यांच्याशी भांडले मनात. पोळ्यानंतर म्हणे.

संध्याकाळी शी.नं स्वतः अंडी उकडली. घरात, गॅसवर, खिडकी उघडी ठेवून. एक सोलून माझ्यापुढं ठेवलं. बोलली नाही, पण ठेवलं.

१४ डिसेंबर

दुपारी फोन. मोताळ्याचा. चक्की बंद केली, बाया बघत राहिल्या.

मुलाच्या आईच. रिपोर्टबद्दल एक शब्द नाही. "त्या डॉक्टर कोणत्या, मानेचं सांगणाऱ्या?" सांगितलं. कधी बसतात, तेही सांगितलं. मग हळूच, "काल जिन्यात बसले ते. म्हंतात काही नाई झालं, संक्रांतीनंतर पाहू."

"नका पाहू हो संक्रांतीनंतर," मी म्हटलं. ओरडलेच बहुतेक.

"मंगळवारी नेते बुलढाण्याले. ऐकत नाईत माझं. तुम्ही येता काय संगं? तुमचं ऐकतीन."

येते म्हटलं.

शी. शाळेतून आली तेव्हा सांगितलं. पिशवी खांद्यावरच. "अन् बाकी काय म्हणाल्या?"

"बाकी काही नाही."

"तू विचारलं नाही?"

"नाही."

रागावली आहे की नाही, समजेना. आत जाऊन कपाट उघडलं, माझा मागच्या वर्षीचा ब्लाऊज काढला आणि बाजू आत घेऊन शिवायला बसली. "मंगळवारी हा घाल. लोंबून राह्यला तो दुसरा."

मंगळवारी गिरणी बंद ठेवीन. गाल आहेत तेच घेऊन जाईन.