टोपड्याची कार्डं

९ जानेवारी १९९१

नात झाली! सकाळीच. सुनंदा सुखरूप हाय. अशोक दवाखान्यातून सायकलीवर आला, बोलंना काही, नुसता हसायलाय. म्हणलं, अरे तोंडानं सांग की. तर म्हणतो, "आई, नाक तुझ्यावाणी हाय."

गल्लीत साखर वाटली. शेजारच्या काशीबाईला दोनदा गेली, तिनं सांगितलं न्हाई.

नाव ठरलंय. आमा तिघांलाच ठाऊक. सव्वा महिन्यानं बारसं, तवा तिची आत्या कानात सांगंल, मग जगाला. तवर इथंबी लिहीत न्हाई. प्रौढ वर्गातल्या बाई म्हणायच्या, रोज चार ओळी लिहा, म्हणून लिहिते. पण नाव न्हाई.

१६ जानेवारी

सुनंदा घरी आली. बाळी झोपेत हसती. सटवाई हसवती म्हणायचे आमच्या आईकडं. आता आमी ते मानत न्हाई, पण हसती हे खरं.

दुपारी अशोकनं कार्डांचा गठ्ठा माझ्याम्होरं टाकला. आमचं दुकान झबल्या-टोपड्यांचं. सुनंदा शिवती, तो विकतो. दुकान बारक्या गल्लीत, रस्त्यावरून दिसत न्हाई, म्हणून ही कार्डं छापली. "बाळाला घेऊन या, पहिलं टोपडं आमच्याकडून भेट." पत्ते तो लिहितो, शिक्का मी मारते. लय मजा येती शिक्का मारायला. एक उलटा पडला, तसाच जाऊ दिला.

२९ जानेवारी

आज पोस्टमननं पाकीट दिलं. जाडजूड, गुळगुळीत. दुधाच्या पावडरीच्या कंपनीचं, मुंबईहून. सुनंदाचं नाव, आडनाव, घर, गल्ली, सगळं मशीनीनं छापलेलं. आत गुबऱ्या पोराचा फोटो आन् "लाडक्या बाळाच्या आगमनाबद्दल अभिनंदन".

मुंबईत कुणी सांगितलं आमाला बाळ झालं?

उठून दाराला कडी घातली. हसतील कुणी, पण आमी गाव सोडलं अठ्ठ्याहत्तरला, नामांतराच्या दंगलीत. परभणीत आल्यावर ह्यांनी बजावलं होतं, पत्ता कुणाला सांगायचा न्हाई. हे गेले. सवय ऱ्हायली.

काशीबाईवर शक हाय. तिचा भाचा मुंबईला असतो.

३० जानेवारी

काशीबाईला आडून आडून विचारलं. ती म्हणली, "माझ्या भाच्याला माझं पत्र धाडायला सवड न्हाई, तुमचं कशाला धाडंल?" खरं वाटलं. पोस्टमनला विचारलं, तर तो रागावलाच. सुनंदाची आई कुठं कुठं बोलती... पण तिला विचारलं तर सुनंदा रुसंल.

सुनंदा म्हणली, "आत्याबाई, पाकिटाला एवढं काय भ्यायचं? डबा घ्यायचा नसला तर न्हाई घ्यायचा."

डब्याचं न्हाई गं.

१ फेब्रुवारी

दवाखान्यात गेले, तिथल्या आयाला गाठलं. ती तोंडाला पदर लावून हसायलीय. "मावशी, तुमचा अशोकच येतो की दर शनवारी. कारकुनाला चहा पाजतो आन् बाळंतिणींची नावं उतरून नेतो. पावडरवाल्याचा माणूसबी त्याच कारकुनाकडून नेतो. तुमची सून त्यातच आली."

मला वाटायचं, पत्ते त्यानं गिऱ्हाइकांकडून घेतले. कधी विचारलं न्हाई. शिक्के मारत बसले.

अशोकला भाकरी वाढली, उठून गेले.

५ फेब्रुवारी

दुकानात बसले होते. बोरी गावचा एक माणूस आला, हातात आमचं कार्ड. शिक्का उलटा.

अशोक खुशीत. "या या! बाळाला आणलं न्हाई का?"

तो माणूस म्हणला, "बाळ पाचव्या दिवशी गेलं."

अशोकनं हातातलं टोपडं खाली ठेवलं.

मग हळूच सांगायला लागला. बायकोला वाचता येत न्हाई. शेजारच्या पोरीनं कौतुकानं मोठ्यानं वाचलं, बाळाला घेऊन या. तवापासून पोस्टमन दिसला की बायको आत जाऊन बसती. "भांडायला आलो न्हाई. आणखी येणार का असलं, एवढंच विचारायला आलो."

अशोक म्हणला, न्हाई येणार, शब्द देतो. मी विचारलं, पावडरवाल्याचं पाकीट आलं का? तो म्हणला, "ते कोण?"

म्हणजे अजून यायचंय.

पाणी प्यायला आन् गेला. कार्ड तिथंच ऱ्हायलं.

६ फेब्रुवारी

अशोकशी भांडण. तो म्हणतो, "आई, चोरी केली का मी? सगळेच करायलेत. कार्डाशिवाय त्या गल्लीत कोण येणार?" तेबी खोटं न्हाई. कार्डं गेल्यापासूनच मशीन दिवसभर चालायलीय.

सुनंदाचा भाऊ वकिलाकडं लिहिण्याचं काम करतो. त्याला विचारलं, असं नाव न विचारता देता येतं का? तो म्हणला, "ह्यासाठी कायदाच न्हाई, आत्या. मारलं, लुटलं तर हाय. पत्र टाकलं तर काय कलम लावणार?"

नावाला कायदा न्हाई? आमी एका नावासाठी घरदार सोडलं.

११ फेब्रुवारी

सुनंदाकडून कंपनीला पत्र लिहून घेतलं. आमचं नाव काढा, पुन्हा काही धाडू नका. खाली सही माझी, पुरी, पत्त्यासकट. बोरीच्या बाईचंबी लिही म्हणलं. लिहिता लिहिता सुनंदाच थांबली. "तिचं नाव काढायला तिचंच नाव पुन्हा धाडायचं का?"

ऱ्हाऊ दिलं.

१७ फेब्रुवारी

बारसं झालं! बुद्धवंदना झाली, आत्यानं कानात सांगितलं, मग मोठ्यानं. बाळी दचकली न्हाई, टुकूटुकू बघत होती. काशीबाई आली न्हाई. काल आवतान द्यायला मी दारोदार गेले तवाच म्हणली होती, "लेकीकडं जायचंय, न्हाई जमणार." बरं म्हणलं. राग न्हाई, लोभ न्हाई. दारात जाऊन विचारलं की माणूस हो म्हणतं, न्हाई म्हणतं.

हेच अशोकला सांगितलं. गिऱ्हाइकाला विचार, कार्ड टाकू का? हो म्हणली तिचाच पत्ता घे. तो म्हणला, "एकेकीला विचारत बसलो तर म्हातारा होईन." पण ह्या शनवारी दवाखान्यात गेला न्हाई. का तापामुळं गेला न्हाई? ताप होता थोडा.

२ मार्च

कंपनीचं उत्तर. "आपल्या पत्राबद्दल आभार." सोबत आणखी एक जाडजूड पाकीट, ते माझ्या नावानं! लाडक्या बाळाच्या आगमनाबद्दल माझं अभिनंदन. सुनंदा हसून हसून लोळली. मीबी हसले. ह्या वयात बाळंतीण केलं मेल्यांनी.

मग हसू गेलं. सही केली म्हणून मी त्यांच्यात गेले. बोरीच्या बाईचं लिहिलं असतं तर...

अशोकनं नवा गठ्ठा आणलाय. "बाळ तीन महिन्यांचं झालं, आता फ्रॉक." शिक्का मी लपवलाय, डाळीच्या डब्यात. त्यानं शोधला न्हाई. विचारलंबी न्हाई.

३ मार्च

उद्या सकाळच्या एसटीनं बोरीला जाते. त्या माउलीलाच विचारते, कंपनीला तुझं नाव लिहून काढायला सांगू, का ते पाकीट येण्याआधी तुमच्या पोस्टमनला गाठून ठेवू? तिनं दारातून परत लावलं तर परत यायचं. बाळीचं काही बोलायचं न्हाई तिथं.

रात्री अशोक म्हणला, "मी येऊ का संगं?" म्हणलं, गठ्ठ्याचं काय करणार?

पिशवी भरली. बाळी जागी हाय, नावानं हाक मारली की मान वळवती. आता सगळ्या गल्लीला ठाऊक हाय ते नाव, इथं लिहायला काय हरकत?

न्हाई. मोठी झाली की तिला विचारीन.