नात अल्फिया हिच्या वाट्याविषयी

मी, पीरमहंमद आदम शिकलगार, मूळ राहणार लोणंद, सध्या विश्रामबाग, सांगली, अरबीचा निवृत्त अध्यापक, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाविना स्वहस्ते लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. ज्यांना तो अपुरा वाटेल, त्यांनी पुढील वाक्ये वाचून माझी बुद्धी शाबूत आहे की नाही, ते ठरवावे.

१. माझे दफन साधेपणाने व्हावे. मृत्यूची वार्ता मराठीत द्यावी आणि फलकावर लिहिताना शुद्धलेखन तपासून घ्यावे.

२. माझे वडील लोणंदच्या बाजारात कात्र्या-विळ्यांना धार लावीत. त्यांचे चाक माझ्यापाशी आहे. आमच्या शास्त्राप्रमाणे वारसाला मृत्युपत्राने काही देता येत नाही, म्हणून ते मी धाकटा मुलगा सरफराज यास ‘देत’ नाही. ते त्याला वारशानेच मिळेल. त्याने ते मोडीत घालू नये, एवढी माझी इच्छा.

३. मला कायद्याच्या अभ्यासाला माझी पत्नी मरहूमा चांदबी हिने लावले. शेजारच्या तरुण विधवेला सासऱ्याच्या मृत्यूनंतर मुलांसह घर सोडावे लागले होते. दीर हयात होता. म्हणून नातवंडांना वाटा नव्हता. चांदबी भाकरी थापता थापता म्हणाली, “बाप आधी मेला, ह्यात त्या लेकरांचा काय गुन्हा? बघा की तुमच्या किताबांत.” मी बघू लागलो आणि बघतच राहिलो. वारसांत नसलेल्या जवळच्यांसाठी मृत्युपत्र करणे हे आजोबाचे कर्तव्यच आहे, असे प्रतिपादन मी ‘अनाथ नातवंडांचा हक्क’ या पुस्तकात केले. काही मुस्लिम देशांनी तसा कायदाच केला आहे. आपल्याकडे आजोबाने निदान तसे मृत्युपत्र तरी करावे.

४. त्या पुस्तकाची एक प्रत श्री. दादासो मुजावर यांस द्यावी. धर्मशास्त्राचा हा मसला, म्हणजे प्रश्न, मी मराठीत मांडल्यावर भर सभेत ते उठून म्हणाले होते, “आवं मास्तर, मसला मराठीत लिवताय, अल्लाला कळंल का त्यो?” मी विचारले, “दादासो, तुम्ही दुआ कोणत्या भाषेत मागता?” सभा हसली आणि ते आजवर माझ्याशी बोललेले नाहीत. पुस्तक न वाचता त्यांनी इतकी वर्षे विरोध केला. आता वाचून करावा. त्यांचे आक्षेप काय असतील, याचे मला खरोखर कुतूहल आहे.

५. पुढे माझा थोरला मुलगा अजीम माझ्याआधी गेला. पत्नी तरन्नुम आणि मुलगी अल्फिया मागे राहिल्या. पुस्तकातला प्रश्न माझ्याच घरात येऊन बसला. सरफराज हयात असल्याने अल्फिया माझी वारस नाही. म्हणून, देणी व दफनाचा खर्च वजा जाता, माझ्या मिळकतीचा एक तृतीयांश हिस्सा मी अल्फियाला देतो. माझे ग्रंथ त्याच हिश्श्यात धरावेत. सरफराजने त्यांची किंमत रद्दीच्या भावाने करू नये. तसे केल्यास तिचा हिस्सा भरायला बाकीची मिळकत अधिक जाईल; तोटा त्याचाच आहे.

६. अजीम असता, तर त्याला निम्मे मिळाले असते. तृतीयांशाहून अधिक द्यायचे, तर वारसाची संमती हवी. हे मी सरफराजला सांगितले, तेव्हा तो म्हणाला, “अब्बा, किताबातलं किताबात ऱ्हाऊ द्या. घरचं दुकान मी सांभाळलं, तुमचं दवापाणी मी केलं.” हे खरे आहे. ते येथे नोंदवतो.

आठवडाभराने तो स्वतःच मुद्रांकपत्र घेऊन आला. “घ्या. निम्मं अल्फियाला. सही करतो, मिटवा एकदाचं.” मी सही करू दिली नाही. मृत्युपत्र करणारा जिवंत असताना दिलेली संमती आमच्या शास्त्रात बंधनकारक नाही आणि ते योग्यच आहे: बापासमोर मुलगा देतो, ती संमती नव्हे, भीड होय.

“देतो म्हणलं तरी चालत न्हाई, न्हाई म्हणलं तरी चालत न्हाई! मग करू तरी काय मी?”

“मी मरेपर्यंत थांब.”

तो कागद तिथेच टाकून निघून गेला. तरन्नुम म्हणाली, “अब्बा, द्यायला आलेल्या माणसाला तुमी कायदा शिकवलासा.” अल्फियाने तो कागद उचलून घडी घालून ठेवला. ती कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नियम तिला ठाऊक होता.

७. म्हणून साक्षीदारांच्या सह्यांखाली मी एक जागा कोरी सोडत आहे. माझ्या मृत्यूनंतर सरफराजने तेथे सही केल्यास अल्फियाला निम्मे मिळावे. न केल्यास तृतीयांश मिळावा. तसे झाल्यास तिने काकाला जाब विचारू नये व त्याच्या घरी ईदला जाणे सोडू नये. साऱ्या हयातीत मी दुसऱ्यांच्या प्रश्नांची उत्तरे शोधली. या एका प्रश्नाचे उत्तर मिळेल, तेव्हा मी नसेन. असतो, तर ते खरे उत्तर ठरले नसते.

८. साक्षीदारांत एक स्त्री आहे. एका पुरुषाच्या जागी दोन स्त्रियांची साक्ष धरतात, म्हणून तिच्या जोडीला आणखी एक स्त्री हवी, असे ज्यांस वाटेल, त्यांनी या विषयावरचे माझे दुसरे पुस्तक वाचावे.

वाचून, दोन ठिकाणी अनुस्वार दुरुस्त करून, सही केली.

पीरमहंमद आदम शिकलगार
सांगली, दि. ११ फेब्रुवारी २०२४

साक्षीदार :
१. ॲड. भरतेश रामगोंडा चौगुले, सांगली
२. डॉ. कीर्ती भूपाल मगदूम, विश्रामबाग

माझ्या मृत्यूनंतर, विचार करून :
सरफराज पीरमहंमद शिकलगार ....................